एक्स-१५ चं मोठं मॉडेल: बाजूच्या फेअरिंगवरची चीर पुन्हा पुन्हा का उघडते

रंग झाला, डिकल बसले, मॉडेल शोकेसमध्ये गेलं. दोन-तीन महिन्यांनी उजेड तिरका पडला की धड आणि बाजूची लांब फेअरिंग, म्हणजे धडाच्या कुशीला बसवलेलं लांबट आच्छादन, यांच्या सांध्यावर केसाएवढी रेघ दिसू लागते. नखाने चाचपलं तर नख अडकतं. मग पुट्टी भरायची, वॉटर पेपरने घासायचं, पुन्हा काळा मारायचा. ऋतू बदलला की चीर त्याच जागी परत. एक्स-१५ या अमेरिकेच्या संशोधन रॉकेट विमानाच्या माझ्या १:१२ च्या मॉडेलवर हे चार वेळा झालं. पाचव्यांदा पुट्टीचा डबा उघडण्याआधी मी हात आवरला आणि वर्षभर ती चीर नुसती मोजली. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो, कारण मीटरभर लांबीचं रॉकेट विमान घरी बनवणाऱ्यांकडून मी हीच तक्रार सर्वात जास्त वेळा ऐकली आहे.

आधी मापं बघू. खरं एक्स-१५ सुमारे १५.५ मीटर लांब आणि पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत ६.८ मीटर होतं. १:१२ ला मॉडेल होतं १२९ सेंमी, पंख ५७ सेंमी. हेच १:७२ ला केलं तर लांबी जेमतेम साडेएकवीस सेंमी भरते आणि तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही. लहान मॉडेलवर वर्षानुवर्षं टिकलेली पुट्टी मोठ्या मॉडेलवर फुटते म्हणून आपण पुट्टीला दोष देतो, ब्रँड बदलतो. मीही तीन प्रकार वापरून पाहिले. पण लांबी सहापट झाली की वस्तूचं हलणंही सहापट होतं, आणि सांध्यातली पुट्टी मात्र तेवढीच, मिलिमीटरभर रुंद. ती बिचारी किती ताणली जाणार?

माझं धड लाकडी आहे. प्लायचे गोल फॉर्मर (धडाला आतून आकार देणाऱ्या आडव्या चकत्या), त्यांवर पाइनच्या अरुंद पट्ट्या होडीच्या तळासारख्या लांबीत लावलेल्या, मग घासून गुळगुळीत. फेअरिंग १.५ मिमी हिप्स शीटची (हिप्स म्हणजे पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा एक प्रकार), ९० सेंमी लांब, एकसंध. ती मी पूर्ण लांबीत इपॉक्सीने पक्की केली होती आणि सांधा बॉडी फिलरने असा भरला होता की बोटाला जोड कळू नये. त्या वेळी मला त्याचं फार समाधान वाटलं होतं. चूक नेमकी तिथेच होती.

खऱ्या विमानात ही फेअरिंग कशासाठी होती ते समजून घेतलं की निम्मं काम होतं. एक्स-१५ च्या मधल्या भागात इंधनाच्या टाक्या आत बसवलेल्या नव्हत्या. टाकीची भिंत हीच विमानाची कातडी होती. पुढे द्रवरूप ऑक्सिजन, उणे १८३ अंश सेल्सियसचा; मागे निर्जल अमोनिया. टाकीने धडाची सगळी गोलाई व्यापल्यावर कॉकपिटपासून शेपटीपर्यंत केबली आणि नळ्या न्यायच्या कुठून? म्हणून त्या बाहेरून, दोन्ही कुशींनी नेल्या आणि त्यांवर हे लांबट आच्छादन घातलं. त्याला आकाशात नेऊन सोडणाऱ्या बी-५२ या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखाली टांगलेल्या एक्स-१५ चे फोटो पाहिले तर ऑक्सिजनच्या टाकीवर पांढरं दव गोठलेलं दिसतं. म्हणजे भिंत अतिथंड, आणि तिला खेटून बसलेलं आच्छादन मात्र उड्डाणात हवेच्या घर्षणाने तापणारं. विमानाची इन्कोनेल-एक्स या निकेलच्या मिश्रधातूची कातडी सुमारे ६५० अंशांपर्यंत तापेल असं धरूनच सगळी आखणी केली होती. एकाच सांध्याची एक बाजू आकसलेली, दुसरी फुगू पाहणारी.

सुरुवातीच्या उड्डाणांत त्या फेअरिंगचे पत्रे खरोखरच वाकले, लाटा उठल्या. विमान बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या अभियंत्यांनी त्यावर पत्रा जाड केला नाही. त्यांनी फेअरिंगमध्ये प्रसरणासाठी आणखी सांधे दिले. हा तपशील वाचला तेव्हा मी खुर्चीवरून उठून मॉडेलजवळ गेलो. जी फट खऱ्या विमानात मुद्दाम ठेवली होती, ती मी चार वेळा मेहनतीने बुजवली होती.

आधी चीर वाचा

चीर दिसली की लगेच भरू नका. माझ्या शेजारी राहणारे काका बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना मी मॉडेल दाखवलं तर त्यांनी दोन मिनिटांत विचारलं, "हिच्यावर साक्षीदार बसवला का?" इमारतीच्या तड्यावर काचेची छोटी पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवतात. तडा जिवंत असेल तर काच फुटते, मेलेला असेल तर शाबूत राहते. मी काचेऐवजी टिश्यू पेपरच्या ३ मिमी रुंद पट्ट्या घेतल्या, ताणून, सांध्याला आडव्या चिकटवल्या, दर दहा सेंमीला एक. पेन्सिलीने तारीख आणि खोलीचं तापमान. टूलरूममध्ये आयुष्य मोजमापात गेलं, त्यामुळे ही वही ठेवणं मला जड गेलं नाही; पण ज्यांना सवय नाही त्यांनीही निदान एक हिवाळा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा नोंद ठेवावी असं मी आग्रहाने सांगेन. घाई असेल तर निदान या गोष्टी तपासा.

चीर टोकांकडून सुरू होते का? फेअरिंगच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला पट्टी आधी फाटली, मधली शाबूत राहिली, आणि हे थंडीत झालं, तर कारण तापमान आहे. प्लास्टिक लाकडापेक्षा जास्त आकसतं. मध्यभागी दोन्हीकडचा ओढा एकमेकांना तोलतो, सगळा ताण टोकांना जमा होतो. त्याच मॉडेलवर एप्रिल-मे मध्ये उलटं दिसेल: टोकं घट्ट, पण मध्ये कुठेतरी फेअरिंग किंचित उचललेली, तळहात फिरवला की फुगवटा कळतो.

चीर पावसाळ्यात रुंद होऊन दिवाळीनंतर आपोआप मिटते का? मग कारण लाकडातला ओलावा.

फक्त खालच्या कडेला आहे, वरच्या कडेला नाही, आणि बारा महिने सारखीच? मॉडेल मध्ये झुकतंय.

चीर नाहीच, नुसती खोलगट रेघ आहे, नख अडकत नाही, घसरतं? पुट्टी वाळताना आकसली. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टीत हे हमखास होतं, कारण तिच्यातला थिनर हळूहळू उडतो आणि जाड थर वरून वाळलेला दिसला तरी आत आठवडेच्या आठवडे ओला असतो. महिनाभर थांबून पातळ थराने पुन्हा भरा, विषय संपला. आणि सांधा सोडून इतरत्रही जाळीसारख्या बारीक रेघा असतील तर तो रंगाचा दोष: खालचा थर पुरता वाळला नसताना वर दुसरा मारला गेला. त्याला रंग उतरवण्यावाचून इलाज नाही.

माझ्या वहीत पहिली तिन्ही कारणं निघाली. सर्वात मोठं पहिलं.

तापमान: दोन मिलिमीटर जातात कुठे

पॉलिस्टायरीन दर अंशाला दर मीटरमागे साधारण ०.०७ मिमी वाढतं. पाइन धाग्याच्या दिशेने ०.००५ मिमीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ नाहीच. मी पुण्यात वरच्या मजल्यावर राहतो. जानेवारीच्या पहाटे माझ्या कामाच्या खोलीत १२ अंश असतात आणि मे महिन्यात दुपारी ४० सहज. फरक २८ अंशांचा. ९० सेंमीची प्लास्टिकची फेअरिंग त्यात पावणेदोन मिलिमीटरने लांब-आखूड होते, तिच्याखालचं लाकूड जेमतेम ०.१३ मिमी. उरलेला दीड मिलिमीटरहून जास्त फरक इपॉक्सीने दाबून धरायचा. काही काळ इपॉक्सी धरतं, ताण मग पुट्टीवर जातो, पुट्टीला लवचिकता नाही, ती फुटते. जास्त कडक पुट्टी घातली तर चीर पुट्टीच्या शेजारी उघडते. एकदा तर माझी हिप्स शीटच चिरली.

त्यात रंग काळा. खऱ्या एक्स-१५ चा काळेपणा उष्णता बाहेर टाकण्यासाठी होता. आपल्या घरात तोच काळा रंग खिडकीतलं ऊन पितो. शोकेसवर सकाळचे दोन तास ऊन येत होतं तेव्हा इन्फ्रारेड थर्मामीटरने फेअरिंगचं तापमान ५४ अंश दाखवलं, आणि त्याच वेळी सावलीतली बाजू ३१ होती. म्हणजे वर धरलेला २८ अंशांचा हिशेबही अपुरा. दुसरं काही करणार नसाल तरी मॉडेल उन्हातून हलवा. हे आजच करता येतं आणि फुकट आहे.

तुमच्याकडे कारण हेच आहे का, याची खात्री पंधरा मिनिटांत करता येते. हेअर ड्रायर अगदी मंद ठेवून, हातभर अंतरावरून, फेअरिंगच्या एका टोकाचा हातभर भाग कोमट करा. हाताला सोसेल इतपतच. चीर भिंगातून पाहत राहा. ती डोळ्यांदेखत मिटू लागली तर शंका उरत नाही.

दुरुस्ती

माझी फेअरिंग मी काढली. हॅकसॉचं जुनं पातं दोन्ही बाजूंनी घासून पातळ केलं, मुठीला कापडी टेप गुंडाळली आणि सांध्यातून हळूहळू ओढत नेलं. दोन्ही बाजूंना मिळून तीन संध्याकाळी लागल्या. ज्यांना रंग पूर्ण बिघडवायचा नाही त्यांनी फेअरिंग न काढता जागेवरच आडवी कापली तरी चालते. त्याबद्दल पुढे सांगतो.

नवी फेअरिंग चार तुकड्यांत केली. प्रत्येक तुकडा साधारण २२ सेंमी. एवढ्या लांबीत वर्षभराची हालचाल ०.४ मिमी होते. प्रत्येक तुकडा फक्त मध्यावर, ४ सेंमी लांबीत चिकटवला. बाकी लांबी मोकळी. धडावर आधी हिप्सच्या बारीक एल आकाराच्या पट्ट्या लावल्या, तुकड्याच्या कडा त्यांच्यावर नुसत्या बसतात आणि लांबीत सरकू शकतात, पण बाहेर निघू शकत नाहीत. दोन तुकड्यांमध्ये आतून एक जीभ ठेवली: १२ मिमी रुंद पट्टी, एका तुकड्याला चिकटवलेली, दुसऱ्याच्या आत मोकळी शिरलेली. त्यामुळे फट उघडली तरी आरपार उजेड दिसत नाही, आतला काळा रंगच दिसतो. पत्र्याच्या छपरावर एक पत्रा दुसऱ्यावर चढवतात तसंच. उन्हात बाहेरून जाणाऱ्या पीव्हीसी पाइपला अनुभवी प्लंबर क्लॅम्प गच्च आवळत नाही, हे आपण रोज पाहतो. पण कामाच्या टेबलावर बसलो की तेच विसरतो.

फट किती ठेवायची हे त्या दिवसाच्या तापमानावर ठरतं. मी २६ अंशाला ०.३ मिमी ठेवली, फीलर गेज (फट मोजायची पातळ पोलादी पट्टी) घालून. ४० अंशाला ती ०.१ पर्यंत मिटते, १२ अंशाला ०.५ पर्यंत उघडते. ०.५ मिमी म्हणजे खऱ्या मापात ६ मिमी. एवढ्या मोठ्या विमानावरच्या प्रसरण सांध्याला ते अजिबात विशोभित दिसत नाही. उलट सपाट, बुजवलेल्या फेअरिंगपेक्षा हे जास्त खरं दिसतं. सांधे कुठे द्यायचे यासाठी तुम्ही जे विमान जसं दाखवणार आहात त्याचेच फोटो समोर ठेवा. तीन विमानं होती, ५६-६६७०, ६६७१ आणि ६६७२, आणि १९५९ ते १९६८ या काळातल्या १९९ उड्डाणांत त्यांत सतत बदल होत गेले. पहिलं विमान आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे, दुसरं ओहायोतल्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयात. दुसऱ्याचं तर १९६२ च्या अपघातानंतर लांबी वाढवून एक्स-१५ए-२ असं नवं रूपच झालं. १९५९ चं विमान आणि १९६७ चं विमान एकाच ड्रॉइंगवरून करू नका.

फेअरिंग आणि धड यांच्यातल्या लांब सांध्याला पुट्टी अजिबात लावली नाही. तिथे सावलीची रेघ दिसायलाच हवी. ते वेगळं बसवलेलं आच्छादन आहे, धडाचा फुगवटा नव्हे. प्लास्टिक किट करता करता आपल्या मनात इतकं भिनलेलं असतं की जोड दिसणं म्हणजे कमीपणा. किटच्या दोन अर्ध्या भागांचा जोड खऱ्या विमानात नसतो, म्हणून तो बुजवायचा. हा जोड खऱ्या विमानात होता. भरायच्या आधी प्रत्येक जोडाबद्दल हा एक प्रश्न विचारला असता तर माझं दीड वर्ष वाचलं असतं.

जिथे फट फारच वेडीवाकडी झाली तिथे मी रंग घेणारा ॲक्रिलिक सीलंट बोटाने पुसून भरला. तो ताणला जातो. सिलिकॉन वापरू नका, त्यावर रंग धरत नाही आणि आजूबाजूलाही तेलकटपणा पसरतो, मग तिथे कुठलाच रंग बसत नाही. इन्स्टंट ग्लूही सांध्यात नको. तो काचेसारखा ठिसूळ होतो.

फेअरिंग न काढता काम करायचं असेल तर: रेझर सॉने तीन ठिकाणी आडवे काप द्या, सांध्यातली पुट्टी कटरच्या पात्याच्या पाठीने कोरून काढा, आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकांकडचा इपॉक्सीचा भाग पातळ पात्याने मोकळा करा, मधला राहू द्या. कापांत वरून बसवलेली ०.२५ मिमीची पातळ पट्टी एकाच बाजूला चिकटवा, ती दुसऱ्या बाजूवर सरकेल. खऱ्या एक्स-१५ च्या पंखांच्या पुढच्या कडेवरही असाच प्रकार झाला होता. तिथे प्रसरणासाठी काप ठेवले होते, पण त्या कापांमुळे मागची हवा खळबळून तेवढ्याच जागी पत्रा जास्त तापला आणि वाकला. मग कापांवर पातळ धातूच्या टिकल्या बसवल्या आणि कापांची संख्याही वाढवली. मोठ्या मॉडेलवर त्या टिकल्या दाखवता येतात, आणि आपली झाकपट्टी त्यांच्या शेजारी परकी वाटत नाही.

समोरच्या काचेचं दुखणं याच घरचं आहे म्हणून इथेच सांगून टाकतो. १९६१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वैमानिक रॉबर्ट व्हाइट यांच्या दोन उड्डाणांत बाहेरची काच तडकली, एकदा डावी, एकदा उजवी. दुसऱ्या वेळी ते मॅक ६.०४ ला, म्हणजे आवाजाच्या सहापट वेगाला, पोचले होते. तापलेली चौकट वाकून काचेला एका जागी रेटत होती. पुढे चौकटीसाठी टायटॅनियम घेतलं. मॉडेलमध्ये ॲक्रिलिकची काच चौकटीत अगदी घट्ट बसवली तर उन्हाळ्यात तिच्या कोपऱ्यातून पांढरट रेघा निघतात. चारी बाजूंनी कागदाच्या जाडीएवढी जागा सोडा आणि काच फक्त खालच्या कडेला चिकटवा.

ओलावा

पाइन धाग्याच्या दिशेने ओलाव्याने फारसं बदलत नाही, पण आडवं फुगतं. कोरड्या दिवसांत लाकडात आठेक टक्के ओलावा असतो, भर पावसाळ्यात तो दुप्पट होऊ शकतो, आणि त्या फरकात आडव्या रुंदीत दीड-दोन टक्क्यांची वाढ होते. फेअरिंगच्या बुडाची रुंदी माझ्या मॉडेलवर ४ सेंमी आहे. म्हणजे तेवढ्यात अर्धा ते पाऊण मिलिमीटर. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांनी हे कारण तापमानाच्या वर धरावं, कारण तिथे थंडी-उन्हाळ्याचा फरक कमी आणि हवेतला दमटपणा जास्त.

उपाय साधा पण कंटाळवाणा. लाकूड सगळ्या बाजूंनी सील करायचं, आतूनही. आपण बाहेरून सहा थर देतो आणि आतली बाजू कोरी ठेवतो. पाणी मग आतून शिरतं आणि पट्ट्या बाहेरच्या दिशेला कमान धरतात. फॉर्मरच्या कापलेल्या कडांवर सँडिंग सीलरचे दोन हात जास्त. तयार मॉडेलमध्ये आत पोचता येत नसेल तर इंजिनाच्या नळीच्या भोकातून पातळ केलेला सीलर ओतून मॉडेल फिरवत राहायचं, मी तसंच केलं. खिडक्या उघड्या ठेवून करा, वासाने डोकं धरतं. आणि हे काम कोरड्या दिवसांत करा. आषाढात सील केलं तर ओलावा आत कोंडला जातो.

आत कोंडण्यावरून एक गोष्ट, जी फार जण विसरतात. पूर्ण बंद पोकळीतली हवा २८ अंशांनी तापली तर तिचा दाब नऊ टक्क्यांहून जास्त वाढतो. १० बाय २० सेंमीच्या पत्र्यावर तो हिशेब १८-१९ किलोंचा भार निघतो. प्रत्यक्षात पत्रा थोडा फुगून भार उतरतो, पण तो फुगवटाच सांधा फोडतो. फेअरिंगच्या प्रत्येक तुकड्याच्या आत, धडाच्या बाजूने, दीड मिलिमीटरचं भोक ठेवा. पंखांतही. दिसत नाही, आणि पाच मिनिटांचं काम आहे.

झुकणं

एक्स-१५ जमिनीवर कसं उभं राहायचं ते आठवा. पुढे नाकाखाली चाकं, आणि मागे थेट शेपटीखाली दोन पोलादी घसरपट्ट्या. मधे काही नाही. आधार दोन टोकांना आणि वजन मध्ये. याचा फटका खऱ्या विमानालाच बसला: ५ नोव्हेंबर १९५९ ला इंजिनात स्फोट झाल्यावर वैमानिक स्कॉट क्रॉसफील्ड यांनी दुसरं विमान रोझमंडच्या कोरड्या तळ्यावर उतरवलं. सगळं इंधन बाहेर टाकता आलं नव्हतं, विमान जड होतं. मागच्या पट्ट्या टेकल्या, नाक आपटलं आणि कॉकपिटच्या मागे पाठ मोडली. दुरुस्त होऊन फेब्रुवारी १९६० मध्ये ते पुन्हा उडालं.

तीन किलोंचं मॉडेल पाठ मोडून घेणार नाही, पण दोन टोकांवर महिनोन् महिने उभं राहिलं की पोट खाली येतं. खालचे सांधे ताणले जातात, वरचे दबतात. ओळखायची रीत: कागदी पट्ट्या लावून मॉडेल चाकांवर ठेवा, मग पोटाखाली पंखांच्या मुळाशी दोन बोटांनी अलगद उचला. खालच्या पट्ट्या सैल पडून सुरकुतल्या तर झुकणं आहे.

माझं मॉडेल आता घोडीवर असतं. टूलरूममध्ये लांब सळई किंवा सरळपट्टी ठेवताना आधार दोन्ही टोकांपासून लांबीच्या बावीस टक्क्यांवर देतात, तिथे ती सर्वात कमी वाकते. १२९ सेंमीला हे अंतर २८ सेंमी येतं. नाकाकडे विमान निमुळतं आणि हलकं, त्यामुळे पुढचा आधार मी थोडा मागे, ३३ वर घेतला. आधारांवर फेल्टची पट्टी, आणि आधार बरोबर फॉर्मरच्या खाली. मोकळ्या पट्ट्यांच्या खाली नको. चाकांवरच दाखवायचं असेल तर कण्यात ॲल्युमिनियमची नळी घाला आणि घसरपट्ट्यांचे पाय पोलादी तारेचे करा. आणखी एक देखणा मार्ग आहे: घसरपट्ट्यांवर विमान ढकलता येत नसे, म्हणून जमिनीवर त्याच्या मागच्या भागाखाली चाकांची गाडी लावत. ती गाडी बनवा. भार तिच्यावर जातो आणि दृश्यही खरं वाटतं.

पुढचं मॉडेल करणाऱ्यांसाठी एवढंच सांगेन की धड आणि फेअरिंग शक्यतो एकाच जातीच्या वस्तूची घ्या. मी दुसरं धड ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपवर हिप्सचे थर चढवून केलं, व्यास ड्रॉइंगवरून मोजून. पीव्हीसी आणि पॉलिस्टायरीन तापमानाने जवळजवळ सारखंच हलतात, ओलाव्याचा प्रश्न मिटतो. मात्र दुकानातून पाइप निवडताना तो सपाट लादीवर गडगडवून बघा. उन्हात आडवे पडलेले पाइप केळीसारखे वाकलेले असतात आणि नंतर सरळ होत नाहीत. पांढऱ्या रूपातलं एक्स-१५ए-२ करत असाल, म्हणजे ३ ऑक्टोबर १९६७ ला वैमानिक विल्यम नाइट यांनी मॅक ६.७० ला नेलेलं, तर हा पाइपचाच मार्ग घ्या. पांढऱ्या रंगावर केसाएवढी चीरही खोलीच्या पलीकडून दिसते.

दुरुस्तीनंतर पहिल्या मॉडेलने तीन पावसाळे काढले आहेत. लांब सांध्यावर एकही पट्टी फाटली नाही. चार तुकड्यांमधल्या फटी जानेवारीत ०.४५ ते ०.५ मिमी आणि मे मध्ये ०.१ मिमी भरतात. एकच जागा अजून त्रास देते: फेअरिंगचं पुढचं टोक, कॉकपिटच्या मागे जिथे ती निमुळती होऊन धडात विलीन होते. तिथे सावलीची रेघ चालत नाही, कारण खऱ्या विमानात तिथे ती तेवढी ठळक नाही. तो शेवटचा ६ सेंमीचा निमुळता भाग मी आता वेगळा, पाइनचाच कोरून धडाला जोडला आहे, धागा धडाच्याच दिशेने, आणि प्लास्टिकचा पहिला तुकडा त्याच्या मागे ०.३ मिमी फट सोडून सुरू होतो. हे मार्चमध्ये केलं. साक्षीदार पट्टी अजून लावलेली आहे आणि वहीतली शेवटची नोंद आहे ३९ अंश, पट्टी शाबूत.